धोंडुबाईंच्या रेडिओतल्या झिणझिण्या

तासगावात काचेच्या व्हॉल्व्हचा जुना रेडिओ बिघडला की तो फिरून फिरून रायगोंडाच्याच टेबलावर येतो. दुसरं कोण हात लावणार त्याला? आणि रायगोंडा म्हणजे एक वल्लीच. रेडिओ उघडायच्या आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी: घरात कोण लावतं, अनवाणी का चपला घालून, हात ओले असतात का? लोक वैतागायचे. "गड्या, रेडिओ बघ की. सोयरीक जमवतोस का काय?" हा ऐकून घ्यायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

ऐंशीच्या धोंडुबाई मेलेल्या नवऱ्याचा रेडिओ पोत्यात गुंडाळून घेऊन आल्या. आवाज खरखरतोय, एवढीच तक्रार. रेडिओचं बटण कधीचंच पडलेलं. रोज सकाळी न्हाऊन आल्या की त्या उघडी लोखंडी दांडीच पिरगाळून रेडिओ लावायच्या.

"मावशी, हात लावला की झिणझिण्या येतात का?" रायगोंडानं विचारलं.

"येत्यात की." धोंडुबाई चक्क लाजल्या. "मालक जाऊन सा वर्सं झाली. रोज सकाळी तेवढा हात धरत्यात. आवाज नीट कर, पर त्ये काढू नगंस."

रायगोंडानं तिथंच स्क्रू काढायला घेतले. रेडिओ उघडला तर ट्रान्सफॉर्मरमधला, तारांच्या थरांतला कागद कुजून भुगा झालेला. वीज गळून रेडिओच्या आतल्या पत्र्यात, पत्र्यातून दांडीत आणि दांडीतून म्हातारीच्या ओल्या हातात. आजवर जगली हेच नवल!

दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. कुणाच्या नवऱ्याचा हात आपण का सोडवायचा? पण तसाच ठेवला तर एक दिवस म्हातारीच जायची. शेवटी त्यानं ट्रान्सफॉर्मर बदलला, दांडीवर प्लास्टिकचं बटण बसवलं, तिच्या घरी जाऊन अर्थिंग करून दिलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हंजे, त्यो करंट हुता?"

"व्हय मावशी. जीव घेतला असता तुमचा."

धोंडुबाईंनी बटण फिरवलं. हाताला काहीच लागलं नाही, सांगली स्टेशन मात्र स्वच्छ लागलं. त्या कितीतरी वेळ बटणावर बोटं ठेवून बसल्या. रायगोंडाला वाटलं, झक मारली आणि खरं बोललो.

"बरं केलंस लेकरा," त्या म्हणाल्या. "ह्यांचा हात असा चावरा न्हवताच. ह्या झिणझिण्यांच्या नादात मी त्यो खरा कसा हुता त्येच इसरले हुते. लय मऊ हुता रं."