दह्याच्या कपाटातली पांढरी डबी

घरातली थंडी मोजायला ठेवलेलं यंत्र मी शालीत गुंडाळून दह्याच्या पातेल्याशेजारी लपवलं होतं. का, तर ते माझं फोनवरचं बोलणं ऐकतंय असा मला दाट संशय होता. आणि तेव्हा मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. साठी उलटली होती, पुण्याच्या बँकेतून रीतसर निवृत्त झाले होते. खोट्या सह्या ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं असं मी तरी सांगत असे. नोकरी सुटली, पण संशय घ्यायची खोड माझ्याबरोबर विमानात बसून मिशिगनला आली.

मुलानं तिथल्या ट्रॉय गावात घर घेतलं, तेही अवाढव्य आणि जुनं. आधीच्या मालकांना जशी पोरं होत गेली तशा त्यांनी खोल्या जोडलेल्या. तळघरात एक फर्नेस, म्हणजे हवा तापवणारी भट्टी, दिवाणखान्याच्या भिंतीवर एक थर्मोस्टॅट, आणि त्या एकट्याच्या मर्जीवर अख्खं घर. दिवाणखाना तापला की त्याला वाटायचं, झालं आपलं काम. मग दक्षिणेकडच्या ऑफिसात मुलगा हाफ पँट घालून मीटिंगा करायचा, आणि वर उत्तरेकडच्या दोन खोल्यांत, एकीत मी आणि समोरच्या खोलीत नात, आम्ही तीन-चार हिवाळे स्वेटरवर स्वेटर चढवून काढले.

तरी ती खोली मला जिवापाड आवडायची. सकाळी शाळेची तयारी सुरू व्हायच्या आधी नात आपली रजई फरफटत यायची, माझ्या पांघरुणात शिरायची आणि बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची. "आजी, यू आर माय हीटर," म्हणायची. मी ओरडायची आणि पाय आणखी जवळ ओढून घ्यायची.

खोलीत आणखी एक सोय होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. खिडकीखाली जमिनीत लोखंडी जाळी होती. गरम हवा तिच्यातून बेताचीच यायची, पण खालच्या स्वयंपाकघरातलं बोलणं अगदी स्वच्छ. मी तिथं खुर्ची ओढून जपाला बसायची. माळ हातात, कान जाळीत.

तिथंच एका दुपारी ऐकलं. सूनबाई म्हणत होती, "आईंना खाली आणू या ना, डायनिंगच्या बाजूच्या खोलीत. वरच्या त्या खोलीला तीन खिडक्या आहेत, सगळी हीट बाहेर जाते. हिवाळाभर बंदच ठेवू."

मुलगा म्हणाला, "आणि हे तिला सांगणार कोण?"

"तू. तुझी आई आहे."

झालं. माझ्या डोक्यातलं यंत्र सुरू झालं. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका बाईंना "तुम्हाला खालीच बरं पडेल" म्हणत म्हणत थेट विमानात बसवल्याची गोष्ट मी ऐकलेली होती. आधी खालची खोली, मग पुण्याचं तिकीट. खोली गेली की नातीचे पायही गेले. ते थंड पाय घेऊन ती जिना उतरून थोडीच येणार होती?

मग घराच्या उबेची व्यवस्था बघायला मुलानं बोलावलेला हीटिंगवाला आला. उंच, शिडशिडीत गोरा माणूस. बुटांवर निळी कागदी टोपडी चढवून घरभर फिरला, खिडक्या मोजल्या, भिंतींवर बोटांनी टकटक केलं. मुलाला समजावत होता की घराचे भाग पाडायचे, त्यांना झोन म्हणायचं. प्रत्येक झोनला आपला थर्मोस्टॅट, पाइपांत आपोआप उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या झडपा. जिथं माणूस आहे तिथंच ऊब जाणार. ऐकायला छान होतं. पण माणूस कुठं आहे हे ठरवणार कोण, हा माझा प्रश्न होता.

जाताना त्यानं प्रत्येक खोलीत एकेक पांढरी डबी ठेवली. काडेपेटीएवढी, मधे बारीक भोक. आठवडाभर राहू द्या म्हणाला.

"हे काय गं?" मी नातीला विचारलं.

"आजी, इट्स जस्ट अ सेन्सर."

"मग भोक कशाला?"

"आय डोन्ट नो. टू ब्रीद?"

श्वास घ्यायला! माझी खात्रीच पटली. कारण रोज सकाळी मी खिडकीशी बसून धाकट्या बहिणीला पुण्याला फोन करायची, आणि त्या फोनात सूनबाईचा विषय निघाला नाही असा दिवस उजाडला नव्हता. ती नागपूरची, हाताला तिखट. आमटीत गूळ घालायचा तर जसा काही तिच्या माहेरचा जातोय. हे मी बहिणीला पुन्हा पुन्हा ऐकवायची. गंमत म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी आमटी गोड व्हायची. त्यावरही तेव्हा माझं म्हणणं काय, तर आज गोड आमटी, म्हणजे बाईला काहीतरी हवंय.

तर डबीचं तोंड बंद करणं भाग होतं. फेकून दिली तर पकडली जाईन, म्हणून "आता ऐक म्हणावं" असं नातीला सांगत मी ती जुन्या शालीत नीट गुंडाळली आणि कपाटात सरकवली. त्या कपाटाचंही एक गुपित होतं. त्याच्या मागच्या भिंतीतून फर्नेसचं धुराडं वर जायचं, त्यामुळे आत कायम कोमट असायचं. रोज रात्री गरम दुधाला विरजण लावून मी पातेलं तिथंच शालीत ठेवायची. बाहेर बर्फ पडत असताना माझं दही सुरीनं कापावं असं लागायचं. सूनबाईचं मात्र पाणी सुटलेलं. ती कौतुकानं विचारायची, "आई, तुमचं कसं हो लागतं?" मी मान वेळावून सांगायची, "हाताला गुण असावा लागतो."

आठवड्यानं हीटिंगवाला डब्या गोळा करून घेऊन गेला. माझी मी आदल्या रात्रीच शालीतून काढून टेबलावर साळसूदपणे ठेवलेली. शनिवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. मी भाजी निवडायच्या निमित्तानं पलीकडच्या खुर्चीत. सगळ्या खोल्यांच्या रेषा बघत बघत तो थांबला आणि डोकं खाजवत म्हणाला, घरातली सगळ्यात गार असायला हवी ती खोली सगळ्यात गरम दिसतेय. रोज रात्री तापमान चढतं, सकाळपर्यंत उतरतं. एकतर या खोलीला हीटची गरजच नाही, झडप कायम मिटून टाकू. नाहीतर तिथं कुणीतरी चोरून हीटर लावतंय.

मुलगा, सूनबाई आणि तो, तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली मेथी तिथंच राहिली.

"आई," मुलाचा आवाज चढला, "तू इलेक्ट्रिक हीटर आणलायस? त्या खोलीतलं वायरिंग किती जुनं आहे माहितीये? आग लागेल. समोर पोरगी झोपते!"

"मी कशाला आणू हीटर? मला इथं दुकान तरी कुठं सापडतंय?"

"मग रात्री चढतं कसं?"

"मला काय विचारतोस? तुमचीच यंत्रं!"

तो तरातरा जिना चढला, मागून आम्ही सगळे. माझ्या खोलीची झडती! उशा उचलल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं. मी दारात उभी राहून म्हणत होते की आता ट्रंकाही उघडा, सोनं शोधा. मग त्यानं कपाट उघडलं. आत शाल, शालीत पातेलं, आणि पातेल्यात आदल्या रात्री लावलेलं घट्ट, थरथरणारं दही. सूनबाईनं भिंतीला हात लावला. आतून कोमट लागताच तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"हाताचा गुण, नाही का आई?"

मागून नातीनं बाकीचं सांगून टाकलं. "आजी पुट द सेन्सर इन द शॉल. टू स्टॉप इट फ्रॉम लिसनिंग." हीटिंगवाल्याला शब्द कळला नसता तर बरं झालं असतं, पण तिनं इंग्रजीतच सांगितलं. तो वळून खिडकीबाहेर बघायला लागला, खांदे हलत होते.

मुलानं कपाळावर हात मारला. "अगं पण का? तुला काय लपवायचं होतं?"

मला एकदम रडू आलं. बँकेतल्या बाईंना शोभेल असं नव्हतं ते. मी म्हणाले, "मला खाली जायचं नाही. ही खोली बंद करू नका."

"खाली जायचं आहे असं तुला सांगितलं कुणी? मी अजून विषयसुद्धा काढला नव्हता!"

मी जमिनीकडे पाहिलं. सूनबाईनंही पाहिलं. माझ्या खुर्चीकडे, मग खुर्चीसमोरच्या जाळीकडे. तशीच हीटिंगवाल्याकडे वळून तिनं इंग्रजीत विचारलं, ही खोली आणि समोरची मुलीची खोली मिळून एक झोन करता येईल का?

तो म्हणाला, करता येईल, आणि तेच चांगलं. एकाच खोलीसाठी एवढा फर्नेस चालू-बंद होत राहिला तर तो लवकर मोडतो. दोन खोल्या असल्या की त्याला धड काम मिळतं. खिडक्यांना मात्र आतून जाड पडदे लावा. आणि थर्मोस्टॅट बाईंच्या खोलीत बसवू, शालीपासून जरा लांब.

नव्यानं आठवडाभर डबी ठेवली. या वेळी ती टेबलावर उघड्यावर बसली होती आणि मी तिच्यासमोर बहिणीशी दबक्या आवाजात बोलत होते. खोड अशी एकदम जाते थोडीच! नवा आराखडा आला, त्यात आमच्या दोन खोल्यांवर एकच रंग होता. नातीनं तो चिकटपट्टीनं माझ्या दारावर लावला.

झडपा बसायच्या आदल्या दिवशी मी खाली स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. सूनबाई आमटी ढवळत होती. माझ्याकडे न बघताच, अगदी सहज म्हणाली,

"आई, त्या डबीला कान नव्हते हो. पण त्या जाळीतून आवाज जसा वर जातो, तसा खालीही येतो. रोज सकाळी इथं डबे भरताना तुमचं आणि मावशींचं सगळं ऐकतेय मी, इतकी वर्षं. उद्या पाइपात झडप बसली की बहुतेक काही ऐकू यायचं नाही. तेव्हा आमटीत गूळ कमी पडला तर खाली येऊन सांगत जा. मला सवय झालीय."