सबनीसकाकांचं कलम

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या जिन्यात 'बजट' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. तळमजल्यावरच्या सबनीसकाकांचं दार उघडायचं, आणि हातात भाजीची पिशवी असो की कडेवर मूल, माणूस अडकायचा.

"बजट म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. जुन्या फ्रेंचमधली. पुढे इंग्लंडचा मंत्री तसल्या पिशवीतून कागद काढायचा, म्हणून कागदांनाच ते नाव पडलं. आपला शब्द बघा, अर्थसंकल्प. पूजेला बसताना हातावर पाणी घेऊन सांगतो ना, आज, इथे, अमुक करीन? तसं सरकारनं सगळ्यांसमक्ष सांगायचं. आणि एकदा संकल्प सोडला की काम झाल्याशिवाय उठायचं नाही."

काका दिवसभर ऑफिसात हिंदी अनुवाद करायचे आणि घरी येऊन मराठी शब्दांची कुळं शोधायचे. एका शब्दाला एक कार्ड, बुटांच्या खोक्यांत. दिल्लीत वाढणाऱ्या आमच्या मुलांसाठी त्याचं पुस्तक व्हावं, एवढाच त्यांचा ध्यास.

मी मराठी मंडळाचा सचिव. वार्षिक सभेत पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प वाचताना 'काकांच्या पुस्तकाची छपाई' हे कलम आलं की टाळ्या पडायच्या. मग गणपतीत मांडव मोठा व्हायचा आणि पुस्तक राहायचं. "चलो काका, नेक्स्ट इयर बिल्कुल," अध्यक्ष म्हणायचे. काका माझ्यावर चिडायचे आणि मी त्यांच्यावर, कारण बाकीच्यांवर चिडून उपयोग नव्हता.

सहा वर्षं असं चाललं. सातव्या सभेत काका उभे राहिले. "सचिव, माझं कलम काढा. खोट्या संकल्पापेक्षा न सोडलेला बरा." मी तिथेच पेनानं रेघ मारली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्याची आज लाज वाटते.

पुढे मुलानं त्यांना गुरुग्रामला नेलं. मेट्रोनं जाण्याजोगं अंतर, पण मी नुसता ठरवत राहिलो. थंडीत काका गेले. "फ्लॅटमध्ये जागा नाही हो," म्हणत सून खोकी माझ्याकडे ठेवून गेली.

यंदा सभेत ते कलम मी पुन्हा मांडलं. दोन मिनिटं शांतता पाळून सगळ्यांनी ते एकमतानं मंजूर केलं आणि खुर्च्या सरकवल्या. मी उठलो नाही. म्हटलं, "छापायला कुठे द्यायचं, ते आत्ता ठरवू."

"अरे यार, चहा गार होतोय," अध्यक्ष म्हणाले.

सगळे चहाकडे गेले. मी बसून राहिलो.