पुढं ठेवलेलं घड्याळ

रेडिओवर बातम्यांआधीची टूं-टूं ऐकली की मला सोलापूरचं ते विजेचं सबस्टेशन आठवतं, तापलेल्या ऑइलच्या वासासकट. सत्तरच्या दशकात आमचे हे तिथं ऑपरेटर होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. लाइनवर बिघाड झाला की रिले नावाचं यंत्र ती आपोआप तोडायचं आणि हे घड्याळ बघून वेळ लिहायचे. एका दुपारी लाइन गेली, गिरण्या थांबल्या. आमच्याकडं लिहिलेली वेळ आधीची, लाइनच्या पलीकडच्या टोकाच्या सबस्टेशनची नंतरची, म्हणून सुरुवात आमच्याकडून झाली असं ठरलं आणि ठपका यांच्यावर आला. यांना जेवण जाईना. मी म्हटलं, "अहो, पण त्यांचं घड्याळ बरोबर कशावरून?" संध्याकाळी आमचा रेडिओ कंट्रोलरूममध्ये गेला, मागोमाग मीही. साहेबांसमोर यांनी पलीकडं फोन लावला आणि रिसीव्हर रेडिओपाशी धरला. टूं-टूं झाली, आमचं घड्याळ बरोबर निघालं. पलीकडचे ऑपरेटर आपलं घड्याळ बघून म्हणाले, "आमचं लई पुढं हाय की. पुढच्या पाळीचा माणूस वेळेवर यावा म्हणून आमीच ठिवलंय." तेवढी मिनिटं वजा केली तर बिघाडाची सुरुवात त्यांच्याकडचीच निघाली. साहेब हसत म्हणाले, "वहिनी, तुमचा रेडिओ आता इथंच राहू द्या." हे पुढं कायम झाले, पण रेडिओ काही घरी आला नाही, रोज त्यावरच दोन्हीकडची घड्याळं लागायची. आता माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळही मी टूं-टूं ऐकूनच लावते, आणि मग नात कॉलेजला वेळेत निघावी म्हणून हळूच थोडं पुढं सरकवते.