पेनरोझांच्या घरातले सुतक

पेनरोझांच्या घरात दर ऑक्टोबरला कोणीतरी मेलेले असते. गिरणीमालक पेनरोझ १८८७ साली वारले, तेव्हा घर जसे दिसले असेल तसे आम्ही स्वयंसेवक महिनाभर मांडतो. त्या काळच्या सुतकाच्या रीतीने आरशांवर काळे कापड, घड्याळ थांबवलेले, दिवाणखान्यात रिकामी शवपेटी. ऑन्टारियोतल्या आमच्या गावाच्या या छोट्या संग्रहालयात सर्वांत जास्त माणसे त्याच महिन्यात येतात. मांडणी सगळी आमच्यातल्या व्हर्नाची. ती शीळ घालत आरसे झाकते.

या जुलैत तिचा नवरा लॉइड गेला. कॅल्गरीहून मुलगा आला. म्हणाला, बाबांना रडारड आवडत नसे, कोणी काळे घालून येऊ नका. निरोपाच्या कार्यक्रमात व्हर्ना पिवळ्या कपड्यांत उभी राहिली. लोकांनी लॉइडचे किस्से सांगितले, खाल्ले-प्याले. तीही हसली.

ऑक्टोबर आला तशी आमची अध्यक्षीण म्यूरिएल काळ्या कापडाची पेटी आपल्या घरी घेऊन गेली.

"यंदा नुसते हॅलोविनचे भोपळे मांडू," ती म्हणाली.

"कापडाची पेटी कुठंय, म्यूरिएल?" व्हर्नाने विचारले.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं मुलानं केलंय. तेवढं पुरे."

"लोक काय म्हणतील? नवरा जाऊन तीन महिने झाले नाहीत..."

"त्या पेनरोझचं सुतक मी इतकी वर्षं धरतेय. ओळख ना पाळख! माझ्या माणसाचं एकदा धरू दे की."

म्यूरिएलने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आण बाई. नाहीतर ही तुझ्या घरचे पडदे काढून आणेल."

पेटी आली. व्हर्नाने आरसे झाकले, शीळ न घालता.

शनिवारी पहिले पाहुणे आले. त्यांतला एक जाडा गृहस्थ शवपेटीत डोकावून म्हणाला, "काय, कोण खपलं इथं?"

दरवर्षी व्हर्ना पेनरोझचे नाव सांगते, साल सांगते, गिरणीबद्दल सांगते.

"लॉइड," ती म्हणाली. "माझा नवरा. जुलैमध्ये गेला."

म्यूरिएल दारातच थबकली. त्या माणसाने टोपी काढली, आणि ती कुठे ठेवावी ते न कळून तो दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मग हळूच त्याने विचारले, "कसे होते?"

"हट्टी," व्हर्ना म्हणाली. "भयंकर हट्टी. आणि..." तिचे खांदे हलू लागले.

दिवाणखान्यातल्या खुर्च्यांना आडवी दोरी बांधलेली असते. तिथे कोणालाच बसू देत नाहीत. म्यूरिएलने पुढे होऊन दोरी सोडली आणि तिला बसवले.