दोन भोवरे

ती घटना आजही आठवली की मला माझाच उजवा हात नकोसा होतो.

रोहिणखेडकडच्या एका शेतातून सहा वर्षांची मुलगी नाहीशी झाली. तिला नेणाऱ्याला पाहणारी एकच, शेजारच्या मक्याची राखण करणारी म्हातारी. नाक कसं, डोळे कसे, मी विचारत गेलो, ती सांगत गेली. चित्रकलेच्या एका बाईंनी ऐकून टॅबलेटवर चेहरा काढला. त्या चेहऱ्याचा एक भांडीवाला सापडला. दोन दिवस ठाण्यात बोलावून मी त्याला पिळून काढलं. त्या गावाला गेलोच नाही, एवढंच तो सांगत होता. मी कशाला ऐकतोय!

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, केस जमले नाहीत, पुन्हा काढते. चित्रात केस एकेक ओढायचे नसतात, आधी झुपके पाडायचे, आणि झुपके कुठे वळतात ते भोवऱ्यावरून कळतं. त्यांनी म्हातारीला भोवऱ्याचं विचारलं.

"दिसला न बाई. दोन होते. तवाच म्हनलं, याले दोन बायका."

भोवरा समोरून दिसतो होय? मी चमकलो. "आजी, तुम्ही होता कुठं?"

"मचानावर. तो पोरीले घेऊन खालून गेला. थोबाड नाही दिसलं."

"मग नाक-डोळे कसे सांगितले?"

"तुमी इचारून राह्यले होते. साहेबाले नाही कसं म्हनू?"

तुम्ही कुठं होता, हा प्रश्न नवखा शिपाईसुद्धा पहिल्या दिवशी विचारतो.

बाईंनी चेहरा पुसला आणि वरून दिसणारं नुसतं डोकं काढलं. दोन भोवरे, मध्ये ताठ उभे केस. ते डोकं मी पाहिलं होतं. तक्रार द्यायला आलेला मुलीचा खामगावचा मामा रडत माझ्या पाया पडला होता.

त्याला बोलावलं आणि टॅबलेट पुढे धरला. त्याचा हात आपोआप टाळूवर गेला.

दुसरबीडला त्याचं दुसरं बिऱ्हाड निघालं. घरात कोणाला पत्ता नव्हता. त्या दुसऱ्या बायकोला मूल नव्हतं. मुलगी तिथेच सुखरूप होती, पण 'तुझी आई मेली' असं तिला सांगून ठेवलं होतं. सख्ख्या मामानं!

भांडीवाल्याची हात जोडून माफी मागितली. तो पाटी उचलून गेला. काय पाहिलं हे विचारण्याआधी कुठून पाहिलं हे विचारावं, एवढं शिकायला मला निवृत्ती जवळ यावी लागली.

आणि मामा पाया पडला तेव्हा "काळजी करू नको" म्हणत मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. ते दोन्ही भोवरे माझ्याच हाताखाली होते.