मिलानच्या चौकात मूठभर मका

आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्जच. टँकर वेळेवर येत नाही म्हणून, रेशनकार्डात नाव घालावं म्हणून, उदगीरचा वेगळा जिल्हा करावा म्हणून. या शेवटच्या अर्जावर तर बाबांनी वेगवेगळ्या वर्षी तीनदा सही केली आहे आणि आमचा जिल्हा अजून लातूरच आहे. अशा घरातल्या मुलानं युरोपवर लिहावं, हे मलाच जरा जास्त वाटतं. ज्यांनी तिथली चित्रं आणि चर्चं नीट पाहिली त्यांचं ते काम. मी तिथं तीन आठवडे होतो आणि त्यातला बराच वेळ खिशावर हात ठेवून होतो. तेवढंच सांगतो.

मी तेव्हा नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मीच. इटलीत मिलानला, तिथल्या पर्यटकांच्या ऐन सीझनमध्ये, धरणांवर तीन आठवड्यांचा वर्ग होता. आमच्या सरांनी अर्ज भरायला लावला आणि माझी निवड झाली. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च वर्ग घेणारेच देणार होते. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. कॉलेजजवळचं धरण तळाला गेलेलं आणि मी धरणं शिकायला परदेशी निघालेला, याची मला थोडी लाज वाटायची. मित्रांना वाटत नव्हती. ते म्हणायचे, "येताना दोन टीएमसी पाणी घेऊन ये बे."

पण घरात प्रश्न वेगळाच होता. धाकटी बहीण बारावी झाली होती आणि तिलाही माझ्याच कॉलेजात यायचं होतं. बाबांचा विरोध शिक्षणाला नव्हता, नांदेडला होता. माझ्या ॲडमिशनच्या दिवशी आम्ही दोघं स्टँडवर उतरलो, तेव्हा इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस भेटला. "कॉलेजला आलात ना? आणा कागद, शिक्के मारून आणतो," म्हणाला आणि माझा टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला घेऊन जो गेला तो गेलाच. दुसऱ्या प्रती काढता काढता बाबांच्या चपलेचा एक जोड झिजला. तेव्हापासून ते म्हणायचे, "पोरगा फसला तर कागद जातेत. पोरगी फसली तर काय काय जाईल?"

माझी निवड झाल्यावर त्यांनी जेवताना निकाल दिला. "हा चाललाय तिकडं. न फसता माघारी आला, तर पोरीला नांदेडला धाडू. न्हाई तर उदगीरलाच काय ते शिकू दे."

माय म्हणाली, "त्याच्या फसण्याचा अन् हिच्या शिकण्याचा काय संबंध?"

"हाय," असं म्हणून बाबा हात धुवायला उठले. हात धुवायला पाणी तांब्याभर. चर्चाही तेवढ्यातच संपली.

बहिणीनं मला अंगणात गाठलं. "दादा, तिथं कुणाशी बोलू नको. कुणाचं काही घेऊ नको. माझं कॉलेज तुझ्या खिशात हाय."

मग मामानं माझी तयारी करून घेतली. मामा एसटीत कंडक्टर, नांदेड-उदगीर गाडीवर. तो भारताबाहेर सोडा, नागपूरलाही गेलेला नव्हता. पण खिसेकापू या विषयात त्याच्याएवढा अभ्यास मी कुणाचा पाहिला नाही. लग्नसराईच्या गर्दीत त्यानं मला नांदेडच्या स्टँडवर उभं केलं.

"धक्का बसला की धक्का देणाऱ्याकडं बघायचं न्हाई. दुसऱ्या बाजूला बघायचं. हात तिकडून येतो."

"बरं."

"कागदावर सही मागितली तर द्यायची न्हाई. तुझ्या बापासारखं करू नको."

"बरं."

"अन् मेन गोष्ट. मी काय करतो? आधी पैसे घेतो, मग तिकीट देतो. जो आधी हातात वस्तू देतो अन् मग पैसे मागतो, त्यो चोर. ध्यानात राहतंय का, का लिहून देऊ?"

एवढं सांगून तो म्हणाला, "आता इथंच थांब. तुझी परीक्षा हाय," आणि कंट्रोलरच्या खिडकीकडं निघून गेला. पाचच मिनिटांत एक म्हातारी आली. "लेकरा, एवढं गठुडं धर, मी पाणी पिऊन येते." मी ओळखलं, हीच परीक्षा. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "आगं माय! एवढा शर्ट-पँटवाला, अन् म्हातारीचं गठुडं धरंना? तुझ्या मायनं हेच शिकवलं का रं?" फलाटावरची माणसं हसायला लागली. मामा परत आला तेव्हा मी अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, "कोण म्हातारी? मी तर कुणालाच धाडलं न्हाई. मी चहा पिऊन राहिलो होतो." मग मीच म्हातारीला शोधून काढलं आणि तिचं गठुडं नायगावच्या गाडीत चढवून दिलं. जागा धरून दिली तरी तिचा राग गेला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी विहारात भन्तेजींनी परित्राण पाठ म्हणून माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. मायनं शर्टच्या आतून पासपोर्टसाठी खिसा शिवला. तो इतका खोल झाला की विमानतळावर पासपोर्ट काढताना मला भर रांगेत वरची तीन बटणं सोडावी लागली. मागच्या बाईंनी मान वळवली.

मिलानमध्ये वर्ग सकाळी असायचा. दुपारनंतर मोकळीक. मोठ्या चर्चसमोरचा चौक म्हणजे आमच्या स्टँडच्या दसपट आणि ऐन सीझनमुळं गच्च भरलेला. खरं सांगायचं तर मला तिथं घरच्यासारखं वाटलं. पहिल्याच दिवशी दोन मुली लिहायचा पॅड घेऊन आल्या आणि मुक्या मुलांच्या मदतीसाठी सही करा, असं खुणांनी सांगू लागल्या. एकीनं तो पॅड माझ्या पोटाशी धरला आणि दुसरी बाजूला सरकली. मी लगेच दुसऱ्या बाजूला बघितलं. हात खरंच तिकडून येत होता! घाबरून माझ्या तोंडून मामाचं भांडखोर प्रवाशांसाठीचं वाक्य निघालं, "डेपोत जाऊन बोला!" त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी रंगीत दोरे विकणाऱ्या एकानं मनगट धरलं. तिथं आधीच एक दोरा बघून तो खो खो हसला. इंग्रजीत म्हणाला, "तुला माझ्याआधीच कुणीतरी गाठलं!" पाठीवर थाप मारून तो पुढं गेला. मला वाटलं, झालं, बहिणीची ॲडमिशन पक्की.

आणि रविवारी मी फसलो.

चौकात कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांची गर्दी होती. एक माणूस हसत आला आणि काही कळायच्या आत त्यानं माझ्या हातात मक्याचे दाणे ओतले. मामाची मेन गोष्ट मला पाठ होती. हात मागं घ्यायचा, बस्स. पण हात मागं गेलाच नाही. उलट दुसरा हात खाली आला आणि ओंजळ झाली. एक दाणा खाली पडला तर तोही मी वाकून उचलला. गावाकडं पेरलेलं उगवलं नव्हतं, दुबार पेरणीला बियाणं कुठून आणायचं हे बाबा रोज बोलत होते, आणि इथं माणसं दाणे पायाखाली तुडवून फोटो काढत होती. मला ते टाकता येईनात. तो माणूस "टाक, टाक" म्हणत होता. मी मूठ मिटून उभा. शेवटी त्यानं पैसे मागितले. मी दाणे परत देऊ लागलो तर तो घेईना. आवाज चढला, त्याचे दोन मित्र आले. मी नोट काढून दिली आणि चालू लागलो. दोन दिवसांच्या जेवणाची नोट होती. दाणे शर्टच्या वरच्या खिशात टाकले.

पैशाचं एवढं वाटलं नाही. बहिणीचं वाटलं. तिचा नंबर माझ्याच कॉलेजात लागला होता आणि कागद घेऊन हजर व्हायची शेवटची तारीख लगेच पुढच्या आठवड्यातली होती. माझ्या परतण्याच्या आधीची.

त्या संध्याकाळी मामा साप्ताहिक सुट्टीला आमच्या घरी होता. घरात नेटचा फोन तोच आणायचा. त्यानं कॉल लावून बाबांच्या हातात दिला. बाबांनी तब्येत विचारली नाही, धरणंही नाही. "कुणी फसवलं का?" एवढंच.

नाही म्हणता आलं असतं. कुणी बघितलं होतं? पण बाबांशी खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खोटं बोललो तर मी जन्मभर त्यांच्यासमोर अडखळेन हे मला माहीत होतं. मी सगळं सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग, "दाणे कसे होते?"

"टपोरे. पिवळेधमक."

"कबुतराला टाकले का?"

"न्हाई. खिशात हायत."

"हं," बाबा म्हणाले. मागून बहिणीचा आवाज आला, "काय म्हणतो दादा?" आणि रेंज गेली.

त्यानंतर काहीच नाही. मी रोज मेसेज टाकायचो, ते पोचायचेच नाहीत. मामाचा नेटपॅक संपलाय हे मला कुठून कळणार? बाबांचा साधा फोन तीनदा लावला, तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वर्गात मातीच्या बांधातून पाणी कसं झिरपतं ते शिकवत होते आणि मी वहीत वारांची नावं लिहीत बसलो होतो. शुक्रवारी शेवटची तारीख होती. शुक्रवार गेला. बहिणीला काय सांगायचं याची मी मनात तीन-चार वाक्यं तयार केली. एकही बरं नव्हतं.

शनिवारी दुपारी जेवणाच्या रांगेत असताना फोन वाजला. मामाचा आवाजी मेसेज होता, मागं एसटीचं इंजिन घरघरत होतं.

"अय भाच्या, ऐकून राहिलास का? परवा तुझा बाप अन् बहीण माझ्याच गाडीत. डिक्कीत गादी, पेटी. मी म्हणलं, दाजी, पोरगं तर फसलं की तिकडं. तर म्हणतेत, 'फसलं, पण तरी धड हाय ना? एवढ्या लांब फसून धड राहतंय, मग हे नांदेड किती लांब हाय?' कागद पोरीच्याच हातात दिल्ते त्यांनी. तिला म्हणले, तूच दाखव, तूच सांभाळ. नाव लागलं, हॉस्टेलला खोली पण भेटली. जाताना त्यांनी दोन तिकिटं घेतली माझ्याकडून. येताना एकच."