पंख्याच्या दोरीवरचा उमेदवार

"बस दोरीवर," साहेब म्हणाला.

मी त्याला आता अरेतुरे लिहितो. तेव्हा मनातल्या मनातही अहोजाहो करत होतो.

मी धुतलेला सदरा घातला होता. तेल लावून भांग पाडला होता. मॅट्रिकचं सर्टिफिकेट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरलं होतं. जंगलखात्यात कारकुनाची जागा निघाली होती, आणि इंटरव्ह्यूसाठी आलेल्या उमेदवारांबरोबर मी कचेरीच्या ओसरीत उभा होतो. त्यांच्यापासून जरा दूर. जवळ गेलं की ते सरकतात, हे ठाऊक होतं. साहेब जीपमधून उतरला, पायऱ्या चढला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. माझा ऊर भरून आला. ओळखलं! साहेबानं मला ओळखलं!

"अरे, तू आलास का? बरं झालं. पंखेवाला तापानं पडलाय. उकाडा तर मरणाचा आहे. बस दोरीवर."

"साहेब, मी..."

साहेब आत गेलासुद्धा.

बडे बाबू, म्हणजे कचेरीतला मोठा कारकून, जवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, "बस की. नाव आलं की मी हाक मारतो. आजच्या दिवशी साहेब खूश असलेला बरा, नाही का?"

मी बसलो.

आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा वीज नव्हती. साहेबाच्या खोलीत आढ्याला एक लांब दांडी टांगलेली. दांडीला जाड कापडाची झालर. दांडीची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओसरीत काढलेली. ओढणारा बाहेर बसून ओढत राही, आत झालर हलत राही. सोय मोठी नामी होती. साहेबाला वारा मिळे आणि ज्याच्या हातानं मिळे त्याचं तोंड पाहावं लागत नसे.

पन्नास आणि साठ सालाच्या मधली ही गोष्ट. आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. कचेरीत अर्धं हिंदी चाले, अर्धं मराठी. आम्ही महार. वैनगंगेच्या काठचं, तालुक्यापासून कोसभरावरचं गाव, गावची कोतवालकी आमच्या घरात. कोतवालकी म्हणजे कोणीही साहेब दौऱ्यावर आला की बानं पुढं धावायचं. त्याची पेटी उचलायची, कोंबडी शोधून आणायची, लाकूडफाटा जमवायचा, रात्री तंबूपाशी जागायचं. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालगुजार कुठं गेला होता? तो तिथंच होता, आणि बासुद्धा तिथंच धावत होता.

मी मॅट्रिक झालो तेव्हा वस्तीत कोणी झालेलं नव्हतं. मग सल्ले सुरू झाले. ज्याला त्याला नोकरी कशी मिळवावी ते माहीत, फक्त नोकरी कोणालाच नव्हती. कोणी म्हणे नजर खाली ठेव. कोणी म्हणे नजर वर ठेव, नाहीतर चोर वाटशील. कोणी म्हणे विचारलं तेवढंच बोल. आणि शेवटी सगळे एकच सांगत. ओळख पाहिजे.

बानं मला बडे बाबूकडे नेलं. बा खाली अंगणात, बाबू वर खाटेवर. बाबू माणूस वाईट नव्हता. पान लावत म्हणाला, "सर्टिफिकेट सगळ्यांपाशी असते. इंटरव्ह्यू काय त्या दिवशी होतो असं समजतोस? तो आधीच होऊन गेलेला असतो. साहेबाच्या नजरेत राहा. तुझं तोंड त्याला पाठ झालं पाहिजे."

बा घरी येईपर्यंत तेच घोळवत होता. "आयकलं ना गा? तोंड पाठ झालं पायजे."

सल्ला खोटा नव्हता. आजही शिकलीसवरली माणसं पोरांना हेच सांगतात, चांगल्या शब्दांत सांगतात. ओळखी वाढवा, लोकांना भेटत राहा. पण भेटायचं कसं? ज्यांची माणसं साहेबाच्या बरोबरीची, त्यांची पोरं बंगल्याच्या पडवीत वेताच्या खुर्चीवर बसत. चहा पीत, मामाची खुशाली सांगत. त्यांची ओळख अशी व्हायची. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या दारात जायची एकच रीत होती. काहीतरी उचलायला जायचं. दुसरी रीत बाला माहीत नव्हती, त्याच्या बाला माहीत नव्हती, तर मला कुठून माहीत असणार?

बानं मला बंगल्यावर नेऊन सोडलं. साहेबाला हात जोडून म्हणाला, "पोरगा हाये सायेब. काई काम असन तं सांगत जा." मी मॅट्रिक झालो हे सांगायचं राहूनच गेलं. मी घरी येताना विचारलं तर म्हणाला, "येकदम सांगतेत का? आंधी काम दिसू दे त्याईले."

मग त्या उन्हाळ्यात मी काम दाखवलं. साहेबाची लाकडं फोडली. गवत कापलं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत साहेब दौऱ्यावर निघाला की सामानाच्या बैलगाडीमागं चालत गेलो. भर दुपारी पंखेवाला पेंगू लागला की दोरी धरली. पाणी तेवढं भरू दिलं नाही. ते आमच्या हातचं चालत नव्हतं. वारा चालत होता.

हे सगळं मी आनंदानं केलं. रोज वाटे, आज साहेब विचारेल. एकदा जंगलात मुक्कामावर त्यानं विचारलंही, "नाव काय रे तुझं?" मी नाव सांगितलं, आणि धीर करून पुढं जोडलं, "मॅट्रिक पास आहे साहेब." साहेब म्हणाला, "बरं, बरं. ती पेटी उन्हातून काढ."

मी पेटी काढली. आणि त्या रात्री माझ्याशी बोलला म्हणून खूश होऊन झोपलो.

तर इंटरव्ह्यूच्या दिवशी मी दोरीवर बसलो होतो. आतलं सगळं भोकातून ऐकू येत होतं.

शिपायानं पहिलं नाव पुकारलं. मालगुजाराचा भाचा. शाळेत आम्ही एका वर्गात, तो फळ्याजवळ, मी दाराजवळ. त्यानं सायकल माझ्या शेजारी भिंतीला टेकवली.

"सायकल पाह्यजो बे. पोट्टे हवा सोडतेत."

मीही इंटरव्ह्यूला आलोय, हे त्याच्या मनातही आलं नाही. का यावं? माझ्या हातात दोरी होती.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साहेब म्हणाला, "या, बसा. मामासाहेब काय म्हणतात? शिकारीला येणार होते ना?" मग मामासाहेबांची तब्येत झाली, धान झालं, मार्कंड्याची जत्रा झाली. मग साहेबाला आठवलं की इंटरव्ह्यू चालू आहे. त्यानं एक प्रश्न विचारला आणि भाचा अडखळला तेव्हा उत्तरही त्यानंच दिलं. दोघं हसले. बडे बाबूही हसला.

पुढचे आले, गेले. सगळ्यांना मामा नव्हता. एका गरीब पुजाऱ्याचा मुलगा बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता, त्याला बरंच उलटसुलट विचारलं होतं. पण त्यालाही "बसा" म्हटलं. त्यालाही विचारलं तर खरं. मी बाहेर बसून त्याच्या प्रश्नांची उत्तरं तोंडातल्या तोंडात देत होतो. त्या नादात हात थांबला. आतून साहेब ओरडला,

"ए! सो गया क्या? जोर से खींच!"

मी जोरात ओढू लागलो. एका हातानं दोरी, दुसऱ्या हातानं काखेतलं सर्टिफिकेट. घामानं कागद ओला होऊ लागला तेव्हा मी ते मांडीखाली ठेवलं. दोरी सोडून उठावं असं मनात दहादा आलं. उठलो नाही. नाव पुकारलं की उठायचं, असं ठरवून बसलो.

नाव पुकारलंच नाही. उमेदवार संपले. भाचा सायकल घेऊन गेला. आत कागद आवरल्याचे आवाज येऊ लागले, तेव्हा मी दोरी सोडली, सर्टिफिकेट उचलून पुन्हा काखेत धरलं आणि दारात जाऊन उभा राहिलो.

"काय रे?" साहेब म्हणाला.

"साहेब, माझं राहिलं."

"तुझं काय राहिलं?"

बडे बाबू खाली बघत म्हणाला, "साहेब, ह्याचाही अर्ज आहे. मॅट्रिक आहे तो."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मग खुर्चीत मागं रेलून हसला. रागानं नाही, मजेत. ते जास्त लागलं.

"अरे, तुझा कसला इंटरव्ह्यू घ्यायचा? तुला तर मी चांगला ओळखतो. तू आपला माणूस. काम चोख आहे, तोंड बंद आहे. बाबू, त्या तापवाल्याला काढा, ह्याला पंख्यावर पक्का करा. जा, मजा कर."

बडे बाबूनं मला खुणावलं. हात जोड. पाया पड.

माझे हात आपोआप वर येऊ लागले होते. मला आठवतं, ते छातीपर्यंत आले होते. तिथं ते कसे थांबले, मी सांगू शकत नाही. मी म्हणालो,

"सायेब, मले येक सवाल तं इचारा."

शाळेत शिकलेली सगळी मराठी गेली होती. घरची तेवढी उरली होती.

साहेबानं आवरलेले कागद पुन्हा पुढं ओढले. मग म्हणाला, "बरं. विचारतो. उद्या सकाळी किती वाजता येशील?"

सगळी खोली हसली. शिपाईसुद्धा.

"येत नाई," मी म्हणालो.

हसणं थांबलं. मी पायऱ्या उतरलो. मागून बाबू ओरडला, "अबे, पक्की नोकरी आहे! डोकं फिरलं का?" फार मोठं काही केलं असं मुळीच वाटलं नाही. भीती वाटत होती, बाचीच.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. मायनं भाकर वाढली नाही. बा अंगणात उकिडवा बसला होता.

"काऊन नाई म्हणलास गा?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. "सावलीतलं काम होतं. बसून होतं. मी उनातानात सायबाईच्या मांगं धावून धावून बुढा झालो. तुले सावली भेटत होती."

"बा, मी मॅट्रिक हावो."

"हावस ना बापा. मंग? सायबाले राग आला तं माही कोतवालकी राह्यते का?"

त्याचं खरं होतं. मी एक शब्द बोललो होतो आणि त्याची किंमत बा देणार होता. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्हींची लाज वाटली.

सकाळी उठलो तर बा नव्हता. माय म्हणाली, "कचेरीत गेला. माफी मांगाले."

मी धावत गेलो. लांबूनच दिसलं. कचेरीच्या ओसरीत, मी बसलो होतो त्याच जागी, बा बसला होता. पागोटं काढून बाजूला ठेवलेलं. दोन्ही हातांनी दोरी ओढत होता. वयामुळं दम लागत होता, पण लय सोडत नव्हता.

"बा, ऊठ."

"हळू बोल. सायेब आंदर हाये."

"ऊठ बा. घरी चाल."

"जा तू," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "म्यां सांगतलं सायबाले, पोरगा नादान हाये. त्याच्या जागी मी येतो. सायेब मानले. तू जा आता."

मी त्याच्या हातातून दोरी ओढून घेऊ शकलो असतो. पण मग आतून हाक आली असती, आणि ती दोघांपैकी एकाला ऐकावी लागली असती. मी काही करू शकलो नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि रडलो. बा ओढत राहिला.

तिथं, आतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मी बाला सांगितलं. पुन्हा जागा निघाली की मी पुन्हा अर्ज करीन. इथंच करीन. त्याच्या आधी कोणाच्या बंगल्यावर जाणार नाही, कोणाची पेटी उचलणार नाही, कोणाच्या नजरेत राहणार नाही. उमेदवारांत उभा राहीन, सरकणारे सरकू देत. नाव पुकारलं नाही तर मीच पुकारीन आणि आत जाऊन खुर्चीवर बसेन. मला नोकरी नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण आधी प्रश्न विचारा, आणि माझं उत्तर ऐकून मग नाही म्हणा.